निर्णय बारालाचाच्या अलीकडे

मनाली ते लेह सायकलने जायचा बेत महाराष्ट्रातल्या सायकलस्वारांच्या गटांत कधी ना कधी निघतोच. रविवारी पहाटे घाट चढून आलेली मंडळी चहाच्या टपरीवर टेकतात, कुणीतरी मोबाइलवर नकाशा उघडतो आणि बोलणे लगेच किलोमीटरवर येते. रोहतांगमार्गे पावणेपाचशे किलोमीटर, दहा दिवसांची रजा, म्हणजे रोजचे पन्नासेक. आपण तर एका दिवसात शंभर मारतो! हिशेब सरळ वाटतो. पण या रस्त्यावर अंतर हा सर्वांत सोपा भाग आहे. इथे मोजायची असते ती झोपण्याची उंची. ती नीट मोजली तर बेताच्या ताकदीचा माणूसही लेहला पोहोचतो, आणि न मोजता निघालेल्या तगड्या सायकलपटूला गाडीत घालून परत आणावे लागते.

रस्त्याचा आकार

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. मनाली सुमारे 2,050 मीटरवर आहे, म्हणजे बसमधून उतरतो तेव्हाच आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर वर असतो. तिथून रोहतांगची खिंड 3,978 मीटरवर. पलीकडे चंद्रा नदीच्या खोऱ्यात उतरले की कोकसर, सिस्सू लागतात. तांदीला चंद्रा आणि भागा यांचा संगम आहे. मग भागेच्या काठाने केलाँग आणि जिस्पा. हा सगळा पट्टा 3,000 ते 3,200 मीटरच्या आसपासचा. गावे आहेत, वाटाण्याची आणि बटाट्याची शेते आहेत, दवाखाने आहेत.

दारचा सोडले की गावे मागे पडतात. पत्सेओ आणि झिंगझिंगबार करत रस्ता सुमारे 4,890 मीटरच्या बारालाचा खिंडीवर चढतो. उतरून सरचू, 4,290 मीटर. मग गाटा लूप्सची 21 वळणे, नकी ला (‘ला’ म्हणजे खिंड), पाठोपाठ 5,000 मीटरच्या वरचा लाचुंग ला, खाली पांग, साधारण 4,600 मीटर. पांगच्या वर चढले की मोरे मैदाने, सुमारे 40 किलोमीटरचे सपाट पठार. ते संपते तिथे 5,328 मीटरचा तांगलांग ला उभा. त्याच्यापलीकडे रुमत्से, ग्या, सिंधूकाठचे उपशी, आणि शेवटी 3,500 मीटरवरचे लेह.

हे आकडे कागदावर ओळीने मांडून पाहा. बारालाचा ते रुमत्से या जवळजवळ दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात रस्ता 4,100 मीटरच्या खाली येतच नाही. उंचीच्या आजारावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणे. पण सरचूला आजारी पडलेल्या माणसाला खाली न्यायचे तर आधी 600 मीटर चढून बारालाचा ओलांडावा लागतो. पांगला पडला तर एका बाजूला लाचुंग ला, दुसऱ्या बाजूला तांगलांग ला. दोन्ही पाच हजारांच्या वर. खाली जाण्याची प्रत्येक वाट आधी वर जाते. मनाली-लेह रस्त्याचा खरा अवघडपणा या आकारात आहे. म्हणूनच पुढे जायचे की थांबायचे हा निर्णय बारालाचाच्या अलीकडे व्हायला हवा, जिस्पा किंवा पत्सेओला, जिथून मागे वळले की खरोखर उतार लागतो.

चढ म्हणून पाहिले तर हे घाट फारसे उभे नाहीत. सीमा सडक संघटनेने हे रस्ते लादलेल्या लष्करी ट्रकना झेपतील अशा बेताने बांधले आहेत. मोरे मैदाने संपल्यावर तांगलांगचा माथा वीसेक किलोमीटरमध्ये सुमारे 600 मीटर वर आहे. पुण्याचा सिंहगड जवळजवळ तेवढीच उंची निम्म्याहून कमी अंतरात चढवतो. म्हणजे मांड्यांची तयारी सह्याद्रीत उत्तम होते. फुप्फुसांची होत नाही, कारण त्यासाठी लागणारी विरळ हवा सह्याद्रीत कुठेच नाही.

हवेत काय कमी होते

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ हे आपण सहज म्हणतो. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण मात्र तांगलांगवरही समुद्रकाठाइतकेच असते, सुमारे 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. मुंबईच्या तुलनेत लेहला तो साधारण 65 टक्के, पांगला 56 टक्क्यांच्या आसपास आणि तांगलांगवर जेमतेम निम्मा उरतो. फुप्फुसांतून रक्तात ऑक्सिजन ढकलला जातो तो या दाबाच्या जोरावर. दाब निम्मा झाला की छाती भरून घेतलेल्या श्वासातूनही निम्माच माल मिळतो.

हाच कमी दाब पांगच्या तंबूत चुलीपाशी दिसतो. पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळू लागते. पातेल्यात राजमा तासन्तास शिजवला तरी दाणा कच्चाच राहतो, म्हणून तिथल्या प्रत्येक ढाब्यात प्रेशर कुकर असतो. टायरबाबत मात्र उगाच भीती घातली जाते. समुद्रसपाटीला 40 पीएसआय भरलेल्या टायरचा दाब तांगलांगवर फार तर 47 दाखवेल, कारण बाहेरून रेटणारी हवा तेवढीच घटलेली असते. एवढ्याने चांगला टायर फुटत नाही.

शरीराची कमाल श्रमक्षमता 1,500 मीटरच्या वर दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. तांगलांगपाशी ती एक तृतीयांशाहून जास्त गेलेली असते. आता सायकलीचे गणित पाहा. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरले आणि तासाला 300 मीटर उंची गाठायची म्हटली, तर निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 80 वॅटहून थोडी जास्त शक्ती सतत लागते. खडीचा, वाऱ्याचा विरोध वेगळा. घरच्या घाटात हे काही नाही. इथे त्याच कामाला धाप लागते, आणि उभे राहून दोन-चार जोरदार पायडल मारले की पुढची काही मिनिटे हॅण्डलवर डोके टेकून श्वास गोळा करावा लागतो.

शरीराची जुळवाजुळव

शरीर या टंचाईला लगेच तोंड देऊ लागते. पहिला बदल श्वासाचा, तो आपोआप खोल आणि जलद होतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त थोडे अल्कलीकडे झुकते आणि मेंदूतले श्वसनकेंद्र श्वासाला पुन्हा आवर घालू पाहते. मग मूत्रपिंडे कामाला लागतात आणि जादा बायकार्बोनेट लघवीवाटे काढून टाकतात. याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून पहिल्या दिवसांत रात्री लघवीला पुन्हा पुन्हा उठावे लागले तर घाबरू नये. जुळवाजुळव सुरू असल्याची ती खूण आहे. डायमॉक्स या नावाने मिळणारे अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांच्या नेमक्या याच कामाला वेग देते. ते घ्यायचे की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

तांबड्या पेशी वाढवण्याचा संदेश देणारे एरिथ्रोपोएटिन काही तासांतच वाढते, पण प्रत्यक्ष पेशी वाढायला आठवडे लागतात. दहा-बारा दिवसांच्या सहलीत या वाढीचा फायदा फारसा हाती लागत नाही. आपली सगळी मदार श्वासावर आणि मूत्रपिंडांवर असते, आणि त्यांना हवा असतो तो वेळ.

हा वेळ कुणाला किती लागेल ते आधी सांगता येत नाही. तंदुरुस्तीशी त्याचा फारसा संबंध नाही. उलट तगडा गडी पहिल्या दिवशी वेगाने वर जातो आणि जास्त धोका पत्करतो. या विषयातले एक मोठे काम आपल्याच जवानांवर झाले आहे. 1962च्या युद्धाच्या काळात सपाटीवरून हजारो सैनिकांना थेट उंच ठाण्यांवर न्यावे लागले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 1,925 जवानांचा अभ्यास 1969 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. निवडलेले, कसलेले, तरुण सैनिकही उंचीने आडवे होतात, लक्षणे पोहोचल्यावर काही तासांनी ते काही दिवसांनी दिसतात आणि माणसामाणसांत प्रचंड फरक असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. आज लष्करात जवानाला 9,000 ते 12,000 फुटांच्या पट्ट्यात सहा दिवस, 15,000 फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याच्या वर आणखी चार दिवस टप्प्याटप्प्याने सराव दिला जातो. रजा काढून आलेल्या सायकलस्वाराची फुप्फुसे काही वेगळी नसतात.

दोन रकान्यांचा तक्ता

गिर्यारोहण वैद्यकाचा सर्वमान्य नियम असा आहे: 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा कितीही वर चढा, झोपायला खाली या.

या नियमाने पाहिले तर अटल बोगदा झाल्यानंतरही रोहतांगचा जुना घाट सायकलस्वाराच्या कामाचा आहे. 2020 साली खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या या बोगद्याने पलीकडच्या लाहौलच्या लोकांची हिवाळ्यातली कोंडी फोडली, ही मोठीच गोष्ट. पण रोहतांगवरून गेले की शरीर जवळपास 4,000 मीटरचा अनुभव घेऊन 3,100 मीटरवर झोपते. चढावे उंच आणि निजावे खाली, या नियमाचा इतका सोपा धडा पुढे मिळत नाही.

खरी अडचण जिस्पाच्या पुढची. जिस्पा 3,200 आणि झिंगझिंगबार सुमारे 4,270 मीटरवर. हा टप्पा एका दिवसात सहज होतो आणि म्हणूनच फसवतो, कारण झोपण्याची उंची एकदम हजार मीटरने उडी घेते. वाटेत पत्सेओच्या आसपास 3,800 मीटरवर एक मुक्काम आणि त्याआधी जिस्पाला एक पूर्ण थांबा, एवढे दोन दिवस जोडले की पुढचा सगळा प्रवास बदलतो. थांब्याच्या दिवशीही लोळत पडू नये. रिकामी सायकल घेऊन तीनेकशे मीटर वर जाऊन यावे.

त्यामुळे बेत आखताना तक्त्यात पहिला रकाना झोपण्याच्या उंचीचा भरावा आणि दुसरा किलोमीटरचा. उलट क्रमाने भरलेला तक्ता सरचूला मोडतो.

सायकल, नाले आणि वारा

सायकल साधी, दणकट आणि दुरुस्त होणारी हवी. सगळ्यांत महत्त्वाचा तो सर्वांत हलका गिअर. पुढे 22 दात्यांची आणि मागे 36 दात्यांची चक्री असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम 1.35 मीटर सरकते. मिनिटाला 60 फेरे मारले तरी ताशी पाच किलोमीटर. हा वेग ज्याला मान्य असतो तो माथ्यावर पोहोचतो. पायडलचा ताल श्वासाला जोडून घ्यावा. बोलता बोलता चढता आले पाहिजे. वाक्य अर्ध्यात तुटू लागले की गिअर उतरवावा किंवा थांबावे.

सुट्या भागांत ट्यूब, ब्रेकपॅड, चेनची जोडकडी आणि डिरेलरचा हँगर असलाच पाहिजे. हँगर हा बोटभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा, सायकल दगडावर आपटली की आधी तोच वाकतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्याने मनाली आणि लेहच्या मधे तो मिळण्याची आशा ठेवू नये. उताराला ब्रेक सतत दाबून धरू नयेत, ठरावीक अंतराने जोरात दाबून सोडावेत, म्हणजे डिस्कला निवायला उसंत मिळते. माथ्यावर घामाने भिजलेला बनियन बदलून मगच उतरायला लागावे. चढताना अंगात शिरलेली ऊब उताराचा वारा काही मिनिटांत काढून घेतो.

दिवसाचे वेळापत्रक ऊन ठरवते. रस्त्यावरून वाहणारे नाले हे वितळलेल्या बर्फाचे पाणी. पहाटे ते घोट्याएवढे असते, दुपारनंतर गुडघ्याच्या वर जाते आणि तळाचे गोटे दिसेनासे होतात. मोरे मैदानांवर तेच वाऱ्याचे. ऊन तापले की जमिनीलगतची हवा वर उठते, तिची जागा घ्यायला दुसरी धावत येते आणि दुपारी समोरून असा वारा सुटतो की सपाटीवरही घाटाचा गिअर लावावा लागतो. पहाटे निघून दुपारपर्यंत मुक्काम गाठणे हाच शहाणपणा.

मित्र कशासाठी

गाटा लूप्सच्या वळणांवर एका ठिकाणी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. सांगतात की एक ट्रक इथे बंद पडला. क्लीनर आजारी होता, ड्रायव्हर मदत आणायला गेला, बर्फाने रस्ता अडला आणि तो परतेपर्यंत क्लीनर पाणी पाणी करत गेला. येणारेजाणारे आजही त्याच्यासाठी बाटली ठेवतात. कथेतले खरे किती ते असो. या रस्त्यावर आजारी माणसाला एकटे ठेवायचे नसते, हे ट्रकवाल्यांनी त्या ढिगातून सांगून ठेवले आहे.

उंचीवर मित्रांची गरज सोबतीपेक्षा मोठी आहे. ऑक्सिजन कमी पडला की लवकर ढासळणाऱ्या गोष्टींत निर्णयशक्ती असते, आणि ती ढासळल्याचे ज्याचे त्याला कळत नाही. डोके ठणकत असलेला माणूस ‘मी ठीक आहे’ असेच म्हणतो, आणि त्याला खरोखर तसेच वाटत असते. म्हणून आपल्या प्रकृतीचा निवाडा आपल्याकडे न ठेवता मित्राकडे द्यायचा. ‘बरा आहेस ना?’ हा प्रश्न तिथे निरुपयोगी, त्याचे उत्तर ठरलेले असते. आम्ही गेलो तेव्हा आमच्या गटात जोड्या लावलेल्या होत्या आणि विचारायचे प्रश्नही ठरलेले होते.

“रात्री किती वेळा उठलास?”

“दोनदा.”

“डोकं?”

“जड आहे. होईल कमी.”

“नाश्त्याला काय खाल्लंस?”

“नको वाटतंय रे, चहा घेतला फक्त.”

डोकेदुखी, आणि जोडीला अन्नावरची वासना जाणे, मळमळ, गळाठा किंवा चक्कर यांपैकी काही असेल तर तो उंचीचा आजार धरायचा. थंडी बाधली, पित्त झाले असल्या समजुती काढत बसायचे नाही. त्या उंचीवरच थांबायचे, लक्षणे वाढली तर खाली जायचे. वरच्या संवादातला आमचा मित्र गटात सर्वांत जोरदार घाट चढणारा. तो पत्सेओच्या मुक्कामी होता म्हणून निर्णय सोपा झाला. दोघे जण त्याच्याबरोबर जिस्पाला उतरले, बाकीचे पत्सेओला थांबले. एका दिवसात त्याचे डोके उतरले, त्याने दोन वाट्या डाळभात मागून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायला लागला. हेच सरचूला झाले असते तर त्याला बारालाचा पार करून न्यावे लागले असते.

दोन लक्षणांना मात्र थांबून पाहण्याची सवलत नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, कोरडा खोकला ओला होऊ लागला असेल तर फुप्फुसात पाणी साठत असू शकते. हे बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या सुमारास होते. आणि टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, बोलणे असंबद्ध होत असेल तर सूज मेंदूवर चढते आहे. दोन्हींत रात्र असो की पहाट, गाडी मिळवून खाली उतरवायचे. रोज सकाळी सायकलीवर टांग टाकण्यापूर्वी सरळ रेषेत दहा पावले चालण्याची ही चाचणी सगळ्यांनी एकमेकांसमोर द्यावी.

झोपेतली एक गोष्ट मात्र नाहक घाबरवते. पांगच्या तंबूत जाड रजयांखाली ओळीने निजलेले असताना शेजाऱ्याचा श्वास हळूहळू मंद होतो आणि चक्क थांबतो. काही सेकंद शांतता. मग एक मोठा उसासा आणि पुन्हा जोरजोरात श्वास. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या ओढाताणीत मेंदूतून चालणारा श्वासाचा ताल असा चढउतार करतो. उंचीवर तो बहुतेकांना होतो आणि एरवी लक्षणे नसतील तर तो आजार नव्हे.

या रस्त्यावरची माणसे

हे सगळे आपण हौसेने करतो. हाच रस्ता ज्यांच्या श्रमावर उभा आहे ती माणसे याच हवेत महिनोन्महिने राबतात. झारखंडच्या दुमका भागातून, बिहारमधून, नेपाळमधून आलेले मजूर सीमा सडक संघटनेसाठी दरडी उपसतात, डांबर उकळतात. चेहऱ्याला धुळीचे फडके, हातात फावडे. त्यांच्याजवळून जाताना सायकल थांबवावी, नमस्कार करावा, वाट मोकळी होईपर्यंत घाई करू नये. पांगच्या ढाब्यांत गाठ पडते ती बहुधा लडाखी बायकांशी. ‘जुले, आचे-ले’ (नमस्कार, ताई) म्हणून आत शिरले की त्या आधी गरम पाणी पुढे करतात. तुमच्या ओठांचा रंग आणि पायांची गती पाहून ‘आज पुढे जाऊ नका’ असे त्यांनी म्हटले तर तो सल्ला बिनतक्रार मानावा. अनेक हंगामांत त्यांनी शेकडो चेहरे असे पाहिलेले असतात.

मनाली-लेह हा सायकलवरचा अतिशय सुंदर प्रवास आहे आणि नीट आखला तर सामान्य सायकलस्वाराच्या आवाक्यातला आहे. तयारीचे वर्ष मांड्यांसाठी द्यावे, पण रजेचे दोन जादा दिवस फुप्फुसांसाठी राखावेत. गट जमवताना कोण किती वेगाने घाट चढतो हे नंतर पाहावे. आधी प्रत्येकाला सरळ विचारावे: जिस्पाला किंवा पत्सेओला मित्राने ‘आज तू पुढे जायचं नाहीस’ असे सांगितले, तर ऐकशील? आणि मित्राला खाली न्यायची वेळ आली तर स्वतःचा माथा सोडून त्याच्याबरोबर उतरशील? दोन्हींना मनापासून ‘हो’ म्हणणारे चारजण मिळाले की बेत पक्का करावा आणि तक्त्याचा पहिला रकाना भरायला घ्यावा.